चार ओळींच्या बातमीत न मावलेले आप्पा: घरातल्या माणसाची जीवनकथा कशी गोळा करावी, कशी लिहावी

आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. चार ओळींची. नाव, गाव, वय, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक कन्या, सुना, नातवंडे असा परिवार आहे', आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सगळ्यांची बातमी अशीच येते आणि ती यायलाच हवी, कारण तीच वाचून पैपाहुणे वेळेवर पोचतात. पण तेराव्याच्या जेवणावळी उरकल्यावर माझ्या सहा वर्षांच्या पुतणीनं विचारलं, "आज्जा फौंड्रीत काय करायचे?" आणि घरात बसलेल्या सात-आठ मोठ्या माणसांपैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत त्यांनी ३३ वर्षं काढली. त्या पगारावर आमची शिक्षणं झाली, बहिणीचं लग्न झालं, घरावर कौलांच्या जागी स्लॅब पडला. आणि ते काम नेमकं काय होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंत आम्ही भावंडांनी मिळून ४४ पानांची एक पुस्तिका केली. ती करताना जे जमलं आणि जे हातचं गेलं, ते क्रमानं इथं लिहितोय. तुमच्या घरी असं कुणी गेलं असेल, किंवा घरातलं कुणी ऐंशीच्या घरात असेल, तर हे उपयोगी पडेल. माणूस हयात असतानाच सुरुवात केलीत तर अर्धं काम सोपं होतं.

पहिले तेरा दिवस: काहीही टाकू नका

दुःखात घर आवरायची घाई होते. येणारी माणसंही हाताशी येतील तसे कपडे बांधून ठेवतात, कपाट रिकामं करतात. एकच करा: एक पत्र्याची ट्रंक किंवा मोठा डबा घ्या आणि मनाला 'हे काय कामाचं' वाटेल ती प्रत्येक वस्तू त्यात टाका. कपडे द्यायचे असतील तर द्या, पण आधी खिसे बघा. खिशातली छोटी डायरी, चष्म्याचं घर, पाकिटातल्या चिठ्ठ्या, औषधाच्या चिठ्ठीमागं केलेला हिशोब, हे सगळं ट्रंकेत.

आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोऱ्याचा एक गुंडा सापडला. लिंबापेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या दोऱ्याचा, मधेच एखादा लाल. भाऊ तो टाकायला निघाला होता. आई म्हणाली, "ठेव तो." पगाराच्या दिवशी आप्पा पाव किलो कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, आणायचे. पुडा दोऱ्यानं बांधलेला असायचा. आम्ही पोरं दोरा तोडायला धावायचो आणि ते आमचा हात धरायचे. नखानं गाठ सोडवायची, दोरा सरळ करायचा, गुंड्याला गुंडाळायचा आणि मग कुंदा वाटायचा. आम्हाला ती दोन मिनिटं फार मोठी वाटायची. परसातल्या घेवड्याचे वेल त्याच दोऱ्यानं बांधलेले असायचे. पुस्तिकेतलं पहिलं पान या गुंड्याचं आहे, आणि तो त्या दिवशी कचऱ्यात गेला असता.

मोबाईलचं काम तर लगेच करा. नंबरचा रिचार्ज थांबला की काही महिन्यांत तो बंद होतो आणि पुढं दुसऱ्याच कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर पुसलं जातं. त्यात त्यांच्या आवाजातले संदेश असतात. आमच्याकडं आप्पांचे अकरा आहेत, बहुतेक "जेवलास काय? फोन कर" एवढेच. ते एकेक करून बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा आणि वर्षभर तरी नंबर चालू ठेवा.

कागद: तीन लिप्यांचा गठ्ठा

मरणाची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. गावात असाल तर ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडं चौकशी करा, शहरात महानगरपालिकेत. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून नावाचं एकेक अक्षर तपासा. मराठी आडनाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत जाताना त्याची तीन रूपं होतात, आणि तीच चूक पुढं उताऱ्यावर वारस लावताना, पेन्शन आणि बँकेच्या कामात आडवी येते. सोबत आधार कार्ड आणि शाळेचा दाखला ठेवा आणि त्याप्रमाणेच नाव घालायला सांगा.

हा दाखला म्हणजे आयुष्याचा शेवटचा कागद. आता उलटं मागं जायचं. आपल्या भागातल्या घरांत कागद तीन लिप्यांत सापडतात. पणजोबांच्या काळातली खरेदीखतं मोडीत, आजोबांच्या काळातली बाळबोध मराठीत आणि १९५६ नंतरची हळूहळू कन्नडमध्ये. मोडी आपल्याला येत नाही म्हणून ती बाजूला सारू नका. मोडी वाचणारी माणसं कोल्हापूर-पुण्याकडं आजही भेटतात, स्वच्छ फोटो पाठवले तर वाचून देतात. कन्नड उतारे आणि जुनी पहाणी (कर्नाटकातला सातबारा) वाचायला शेजारचा शाळकरी मुलगाही पुरतो. सगळ्यात जास्त माहिती मात्र जुन्या लग्नपत्रिकांत असते: कोण कुणाचा कोण, कुठल्या गावचा, त्या वेळी कुणाच्या नावामागं 'कै.' लागलं होतं, हे सगळं एका पानावर. सोसायटीची पासबुकं, पीएफच्या स्लिपा, भजनी मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, काहीही कमी समजू नका.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख डोळे झाकून खरी धरू नका. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा असतो, कारण नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. आप्पांचीही १ जून १९४१ होती. आत्या म्हणाली, "खुळ्या, तो नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. रोप लावण संपत आली होती, आई शेतातनं घरी आली आणि रात्री हा झाला." १९४१ सालची नागपंचमी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पडते. 'कालनिर्णय' १९७३ पासूनचं आहे, त्यामुळं त्याआधीच्या सालांसाठी जुनी पंचांगं बघावी लागतात. गावातल्या भटजींकडं किंवा देवळात असतात. पुस्तिकेत आम्ही दोन्ही तारखा दिल्या.

दोन रकान्यांचा लांब कागद

चार-पाच कोरे कागद डिंकानं एकाला एक जोडा आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं घरातल्या गोष्टी, उजवीकडं भागातल्या. आपल्याकडं उजवा रकाना भरल्याशिवाय डावा समजतच नाही. बेळगाव भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा या सीमावादातलं उजवीकडं निदान एवढं असावं: १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार आणि त्यातले हुतात्मे, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो दिवस, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं ते, १ जून १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला ते, आणि २०१४ साली कागदोपत्री 'बेळगावी' झालं ते.

हा कागद भिंतीवर लावल्यावर आम्हाला पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. आत्याचं लग्न १९५४ सालचं, दिलं चंदगड तालुक्यात. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, म्हणजे सासर-माहेर एकाच जिल्ह्यात. दोन वर्षांनी चंदगड कोल्हापूरला जोडलं गेलं आणि बेळगाव म्हैसूरला. ना आत्या हलली ना आप्पा. बैलगाडीनं एका दिवसात जाऊन यायची वाट तीच राहिली आणि भाऊ-बहीण दोन राज्यांत गेले. राखीची पाकिटं आत्यानं जपून ठेवली आहेत. त्यावरचा पत्ता बदलत गेलेला दिसतो.

पत्त्यांवरून तारखाही काढता येतात. पाकिटावर पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. हिशोबात आणे असतील तर तो बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला, कारण नये पैसे आल्यावरही जुनी माणसं काही काळ आण्यातच मोजत होती. फोटोत बेळगावच्या 'केए २२' नंबरची गाडी दिसली तर तो १९८९ नंतरचा. अशी कडी लागली की तारीख नसलेले फोटोही कागदावर आपापल्या जागी बसत जातात.

ते चळवळीत होते, तुरुंगात गेले, मोर्च्यात लाठी खाल्ली, असं असेल तर दिवस, जागा आणि सोबतचे लोक यासह लिहा. नसतील, तर ओढूनताणून घालू नका. आप्पा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला (बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधाचा दिवस) दरवर्षी सायकल फेरीत जायचे आणि दुपारी दुसऱ्या पाळीला कामावर हजर असायचे. आम्ही तेवढंच लिहिलं.

माणसं गाठणं

सगळ्यात जास्त वेळ आणि जीव इथं लावा. कागद कुठं पळून जात नाहीत, माणसं जातात. यादी करा आणि वयानं सगळ्यात मोठं माणूस सगळ्यात आधी गाठा. 'पुढच्या महिन्यात जाऊ' हे वाक्य या कामात बोलायचंच नाही. आप्पांची मावसबहीण खानापूर तालुक्यात होती, नव्वदीची. तिनं चाळीस मिनिटं सांगितलं, मी मोबाईलवर घेतलं. येताना पावसात गाडी घसरली, मोबाईल ओढ्याच्या पाण्यात गेला आणि त्यातलं काहीच परत मिळालं नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाऊ म्हणालो. ती दसऱ्याच्या आधीच गेली. तिनं आप्पांना लहानपणी विहिरीत पोहायला कसं शिकवलं हे सांगितलं होतं, आणि आता मला त्यातली चार वाक्यंही तिच्या शब्दांत आठवत नाहीत. म्हणून सांगतो: रेकॉर्डिंग झालं की तिथून निघायच्या आधी ते घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाठवा आणि त्याच रात्री पेनड्राइव्हवर उतरवा.

वेळ निवडताना शेताचं वेळापत्रक बघा. धूळवाफ पेरणी, रोप लावण आणि सुगीत कुणाला बसायला फुरसत नसते. गणपतीचे दिवस चांगले: मुंबई-पुण्याला गेलेले घरी येतात, दुपारी जेवून पडवीत बसतात, आणि एकानं सुरू केलं की दुसरा "तसं नव्हे, मी सांगतो" म्हणून पुढं सरतो. मोबाईल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, मोबाईल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे पाटाचा खडखडाट येत नाही. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव आपल्या आवाजात सांगा. तासापेक्षा जास्त बसू नका, म्हातारी माणसं थकतात आणि सांगत नाहीत.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "आप्पा कसे होते?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: "देवमाणूस होता." त्यापुढं गाडी जात नाही. त्याऐवजी हाताला लागेल असं विचारा. पगार झाल्यावर पहिल्यांदा कुठं जायचे? डब्यात काय असायचं, आणि कुणाबरोबर वाटून खायचे? कुणाकडून उसने घेतले होते, कधी फेडले? कशावरून चिडायचे? शेवटचं रडताना कधी बघितलंत? उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या गप्प बसण्यानंतर येते.

कामावरच्या सोबत्यांना विसरू नका. घरच्यांना माणूस संध्याकाळी सहानंतरचा माहीत असतो. आप्पांच्या शेजारच्या जागेवर काम करणारे एक काका बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. मराठी समजतात, पण मन मोकळं करायचं तर कन्नडच. आम्ही त्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या भाषेतच सांगा. माझ्या वहिनीला कन्नड चांगलं येतं, तिनं ऐकून नंतर उतरवलं. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं.

आप्पा मोल्डर होते. साचा करायची काळी माती बरोबर भिजली आहे का, हे ते मुठीनं ओळखायचे. मूठभर माती घट्ट दाबायची, हात उघडायचा, बोटांचे ठसे उमटलेला गोळा मधून मोडायचा. कडा स्वच्छ तुटली तर माती तयार. भुगा झाला तर पाणी कमी. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि मग वितळलेलं लोखंड ओतल्यावर आत वाफ धरते, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, भोकं पडतात, माल परत येतो. काकांनी हे बसल्या जागी हाताची मूठ करून दाखवलं. नंतर म्हणाले, मशीन आलं तरी आमचे फोरमन आधी तुमच्या वडलांच्या मुठीकडं बघायचे.

हे ऐकून आई उठून आत गेली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "शेतात बी हेच करायचे की." पेरणीच्या आधी बांधावर उकिडवं बसून माती मुठीत दाबून मोडायचे. आम्ही सगळ्यांनी ते पन्नास वेळा बघितलं होतं आणि कुणालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता.

फोटो

हे थोडक्यात. छोटे जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मोठ्यांना ३०० पुरतात. स्कॅनर नसेल तर दिवसा पडवीच्या सावलीत, फोटो सपाट ठेवून, मोबाईल वरून सरळ धरून काढा, फ्लॅश नको. काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका, काचेसकटच स्कॅन करा. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं लिहिलं तर पुढून उठतं. आपल्याकडं चार महिने भिंतींना ओल असते, म्हणून फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. कागदी पाकिटात घालून ट्रंकेत, आणि ट्रंक भिंतीपासून लांब. गटाच्या फोटोत डावीकडून उजवीकडं प्रत्येकाचं नाव आजच लिहून घ्या, कारण ते ओळखणारी आई किंवा आत्या आज आहे.

लिहिताना

पहिला मसुदा मी लिहिला तेव्हा त्यात 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'प्रेमळ', 'सर्वांना आधार देणारे' हे शब्द प्रत्येक पानावर होते. बहिणीनं वाचलं आणि म्हणाली, "यात आप्पा कुठं आहेत?" मग आम्ही नियम केला: गुण सांगणारा प्रत्येक शब्द खोडायचा आणि तिथं त्यांनी केलेली एक गोष्ट लिहायची. 'काटकसरी' खोडलं, दोऱ्याचा गुंडा आला. 'कामात निष्णात' खोडलं, मूठभर माती आली. 'कुटुंबवत्सल' खोडलं, तिथं १९८३ सालची गोष्ट आली: बहिणीला टायफॉइड झाला तेव्हा ते रात्रपाळी करून सकाळी दवाखान्यात बसायचे आणि बसल्या बसल्या झोप लागू नये म्हणून तिच्या वहीत पाढे लिहायचे. ती वही ट्रंकेत सापडली. एकोणतीसचा पाढा तीनदा लिहिलाय.

बोली सुधारू नका. आप्पा "काय करालास रे?" म्हणायचे, तर "काय करतो आहेस?" छापू नका. जेवताना पुरे झालं की ते "साकु" म्हणायचे. तो कन्नड शब्द आमच्या घरात मराठीच होता, तो तसाच ठेवला. नातवंडांना तो आवाज वाचताना ऐकू आला पाहिजे.

कडू गोष्टींचं काय करायचं, हे प्रत्येक घरानं आपापलं ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या दोघांत ते घडलं त्यांच्यापैकी जो हयात आहे, त्याला विचारून लिहा. बांधावरून आप्पा आणि धाकटे काका अकरा वर्षं बोलत नव्हते. मी काकांकडं गेलो, लिहिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. पण आईच्या मयताला त्यानं मला पुढं घेतलं आणि आम्ही दोघांनी खांदा दिला, ते पण लिही." ते मला माहीतच नव्हतं. विचारलं नसतं तर त्या अकरा वर्षांचा शेवट पुस्तिकेत आलाच नसता.

छपाई आणि वर्षश्राद्ध

डीटीपीवाल्याला आधीच सांगा की मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर पाच वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. पानं चारच्या पटीत बसवा, म्हणजे मधोमध पिन मारता येते आणि खर्च कमी येतो. शंभर प्रती डिजिटल छपाईत सहज होतात. छापायच्या आधी कच्ची प्रत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, डोळ्यांनी तपासून नात्यांतल्या चुका सापडत नाहीत. नातवंडं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात असतील तर मागच्या पानावर क्यूआर कोड घाला आणि त्यात आवाजातले दोन-तीन तुकडे ठेवा. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक त्यांच्या शाळेला द्या.

पेपरात प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात देत असाल तर तिथंही एक ओळ त्यांची स्वतःची घाला. आम्ही ठरावीक मजकुराच्या खाली लिहिलं, 'कुंद्याच्या पुड्याचा दोरा न तोडणारे आमचे आप्पा'. त्या एका ओळीवर गल्लीतल्या किती माणसांनी थांबून काय काय सांगितलं!

शेवटची चार पानं कोरी ठेवा आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी एक प्रत पेनासकट पडवीत ठेवा. लोक जेवून हात धुतात आणि लिहितात. बैलहोंगलच्या काकांनी कन्नडमध्ये अर्धं पान लिहिलं. धाकट्या काकांनी फक्त सही केली. आत्याला लिहिता येत नाही, तिनं माझ्या पुतणीला समोर बसवून सांगितलं आणि पुतणीनं तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरात उतरवलं: 'पान ९ वर गाईचं नाव चुकलंय. कपिली नंतरची. आप्पा ज्या गाईसाठी दोन दिवस जेवला नाही ती चंद्री. तांबडी होती, कपाळावर पांढरा ठिपका.'